वासा, पागोळी आणि ब्रास : छपराच्या मापाची गोष्ट

मागच्या वेळी आपण गज, हात आणि वीत यांच्याबद्दल बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की जमीन मोजायची, कापड मोजायचं, धान्य मोजायचं ते कळलं. पण छप्पर कसं मोजायचे? आजचा विषय तिथूनच निघाला. तसा तो किरकोळ वाटतो. पण २०२० साली आमच्या हातून या मापात एक चूक झाली आणि त्या चुकीची किंमत एका कुटुंबाला भर पावसात मोजावी लागली. तेव्हापासून या विषयाकडे आम्ही किरकोळ म्हणून बघत नाही. ती हकीकत सांगूच, पण आधी थोडं मागे जाऊ.

उतार मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं? याचं एक फार जुनं लेखी उत्तर इजिप्तमध्ये सापडतं. अलेक्झांडर हेन्री ऱ्हिंड या स्कॉटिश गृहस्थाने १८५८ मध्ये लक्सरला एक पपायरस विकत घेतला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आहमोस नावाच्या लेखनिकाने ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमारास केलेली ती नक्कल आहे, मूळ मजकूर त्याहून जुना. त्यातली ५६ ते ६० ही गणितं उताराची आहेत. इजिप्शियन हाताचे सात तळवे. एक हात उंची चढताना आडवं किती तळवे आत सरकावं लागतं, त्या मापाला ते 'सेकेद' म्हणत. छप्पन्नावं गणित असं : पिरॅमिडचा पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद किती? पायाचा अर्धा १८०, त्याला २५० ने भागायचं, सातने गुणायचं. उत्तर ५ तळवे आणि वर एक पंचविसांश. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा सेकेद साडेपाच तळवे येतो.

इथे एक गंमत लक्षात घ्या. इजिप्तचा माणूस उंची पक्की धरतो आणि आडवं अंतर मोजतो. आपला सुतार बरोबर उलट करतो. तो म्हणतो, "फुटाला सहा इंच." म्हणजे आडवा एक फूट गेलं की सहा इंच चढ. कारण साधं आहे. दगड रचणाऱ्याला प्रत्येक थराची उंची ठाऊक असते, पुढचा थर किती आत घ्यायचा हा त्याचा प्रश्न. सुताराला भिंतींमधलं अंतर ठाऊक असतं, आढं किती उंच न्यायचं हा त्याचा प्रश्न. ज्याला जे आधी हाताशी असतं ते तो पक्कं धरतो. मापाच्या पद्धती अशाच घडतात बरं का, कुणी समिती बसवून ठरवत नाही.

आता उतार कळला तरी छपराचं क्षेत्रफळ कळत नाही. त्यासाठी तिरकी लांबी हवी, म्हणजे वासा हवा. आडवं अंतर ही भुजा, उंची ही कोटी आणि वासा हा कर्ण. ही त्रिमूर्ती आपल्याकडे शुल्बसूत्रांपासून आहे. यज्ञवेदी आखणाऱ्यांना दोरीने काटकोन साधायचा होता, त्यांना ती लागली. पण आकडे घालून हिशेब शिकवणारं, आपल्या मुलखाशी नातं सांगणारं पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची लीलावती, साल ११५०. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

लीलावतीत पहिलं उदाहरण सरळ आहे : कोटी ४, भुजा ३, कर्ण ५. सगळ्यांना पाठ असतं ते. आम्हाला आवडतं ते त्याच्या नंतरचं. भुजा सव्वातीन, कोटीही सव्वातीन, कर्ण किती? दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे नेमका ४५ अंशांचा उतार. गवताने शाकारलेल्या छपराचा असतो ना, साधारण तसा. याचं वर्गमूळ सुटत नाही. भास्कराचार्य काय करतात, तर एका मोठ्या वर्गाने गुणून, मूळ काढून, पुन्हा भागतात. उत्तर येतं ४ पूर्णांक ४७७ छेद ८००. मोबाईलवर करून बघा, खरं उत्तर ४.५९६१९ आणि त्यांचं ४.५९६२५. साडेआठशे-पाऊणेनऊशे वर्षांपूर्वी, पाटीवर.

पण सुतार काही लीलावती उघडून बसत नव्हता. त्याच्याकडे गुण्या होता. गुण्याच्या एका पायावर १२ इंचांची खूण, दुसऱ्यावर ७ इंचांची, आणि दोन खुणांमध्ये तिरकी पट्टी धरायची. ती किती भरते? १३ इंच ७ सूत. आठ सुतांचा इंच, हे मागच्या वेळी सांगितलं होतं. म्हणजे फुटाला सात इंच उतार असेल तर आडव्या प्रत्येक फुटामागे वासा १३ इंच ७ सूत. बारा फुटांचं अंतर असेल तर बारा वेळा पट्टी सरकवली की वाशाची लांबी आली. कॅल्क्युलेटरने काढलं तर या पद्धतीत बारा फुटांवर दीड-दोन सुतांची चूक निघते. वासा कापताना वीतभर जादा ठेवतातच, त्यात ती कुठल्या कुठे जिरते. अमेरिकेत लोखंडी गुण्यावर असे तक्ते कोरून विकू लागले, आपल्याकडे ते सुताराच्या डोक्यात असत.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. वाशाची लांबी सुताराला पूर्वीपासून काढता येत होती. मग छपराचं क्षेत्रफळ कोण काढत होतं? आमच्या मते, जवळजवळ कुणीच नाही. त्याची गरजच नव्हती. गवताचं छप्पर असेल तर गवत भाऱ्यांवर मोजायचं. नळीची कौलं असतील तर ती कुंभाराकडून हजाराच्या हिशेबाने यायची. कुंभार चाकावर नळी काढायचा, ओली असताना उभी चिरून तिची दोन कौलं करायचा. एक उताणं, त्यावर एक पालथं. या गावची नळी त्या गावच्या नळीसारखी नाही, एकाच भट्टीतली दोन कौलंही तंतोतंत सारखी नाहीत. अशा कौलांचा क्षेत्रफळाशी हिशेब जुळवणार कसा? म्हाताऱ्याचा अंदाज हाच हिशेब. शिवाय दरसाल मे महिन्यात घर शाकारायचंच, कौलं चाळायची, फुटकी बदलायची. कमी पडली तर कुंभार गावातच होता. देशावर आणि मराठवाड्यात तर माळवदाची घरं, तिथे वाशाला तिरकेपणच नाही.

हे चित्र बदललं ते मंगळुरात, १८६५ मध्ये. बासेल मिशनने जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. गेओर्ग प्लेब्स्ट हा त्यांचा माणूस. मूळ कल्पना फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्डोनी बंधूंची. एकात एक अडकणाऱ्या चपट्या कौलाचं पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतलं होतं. नेत्रावतीकाठची चिकणमाती, साच्यात दाबलेलं कौल, मागच्या बाजूला रिपेवर अडकायला नाकं, कडेला खोबण, आणि पाठीवर कारखान्याचं नाव. किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून ही कौलं मालवण, रत्नागिरी करत मुंबईपर्यंत आली. आज आपण 'कोकणातलं पारंपरिक लाल कौल' म्हणून ज्याचे फोटो काढतो ते खरं तर कारखान्याचं, यंत्रावरचं, एकोणिसाव्या शतकातलं कौल आहे. कुणाला वाईट वाटत असेल तर क्षमा असावी.

या कौलाबद्दल बोलताना लोक रंगाबद्दल बोलतात, टिकाऊपणाबद्दल बोलतात. आमच्या दृष्टीने त्याने सगळ्यात मोठी गोष्ट केली ती हिशेबाची. प्रत्येक कौल सारखं. त्यामुळे ठरावीक क्षेत्रफळाला ठरावीक कौलं, हे पहिल्यांदा म्हणता येऊ लागलं. आणि कौल दूरवरून जहाजाने यायचं, त्यामुळे आधी मोजून मागवणं भागच पडलं. कमी पडलं तर गावच्या कुंभाराकडे त्याचा जोड मिळायचा नाही. क्षेत्रफळाची गरज तिथे जन्माला आली.

त्याच सुमाराला हिशेबाची सरकारी भाषाही तयार होत होती. सार्वजनिक बांधकाम खातं १८५४ मधलं. पुण्याचं इंजिनिअरिंगचं शिक्षणही त्याच सालचं. इंग्रज कारागीर छप्पर शंभर चौरस फुटांच्या एककात मोजत. आपल्याकडे तो शंभरचा आकडा 'ब्रास' म्हणून रुळला. वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा, छपराचा किंवा फरशीचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. मंगळुरी कौलाचा तोंडी हिशेब ब्रासला दीडशे. प्रत्यक्ष मोजली तर एकशेचाळीसच्या आसपास बसतात. वरची दहा वाटेत फुटणारी आणि कडेला कापावी लागणारी.

इंग्रजांबरोबर एक घोळही आला, तो अजून निस्तरलेला नाही. त्यांचे जुने सुतार 'पाव पिच', 'तिहाई पिच' असं म्हणत. पाव पिच म्हणजे उंची ही एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतच्या पूर्ण अंतराच्या पाव. पण उतार मोजताना आपण अर्धं अंतर धरतो, आढ्यापर्यंतचं. म्हणजे पाव पिच हा चारास एक उतार नव्हे, तो दोनास एक उतार, फुटाला सहा इंच. दोघांत फरक किती पडतो? चारास एक उतार असेल तर छपराचं क्षेत्रफळ खालच्या जमिनीपेक्षा तीन टक्के जास्त. दोनास एक असेल तर जवळजवळ बारा टक्के. आजच्या काळात याचाच भाऊ म्हणजे अंश आणि टक्के. मोबाईल पत्र्यावर ठेवला, तो '३०' दाखवतो. तीस अंश की तीस टक्के? तीस टक्के म्हणजे फक्त सतरा अंशांच्या आतला उतार.

आता छपराच्या गणितातली आम्हाला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. दुपाखी घर तुम्हाला ठाऊक आहे, पुढे एक पाखं, मागे एक, दोन बाजूंना त्रिकोणी भिंती. चौपाखी म्हणजे चारही बाजूंनी उतार, कोपऱ्यांतून कोनवासे वर जातात. दोन्हींचा पाया सारखा आणि उतार सारखा असेल, तर कौलं कुणाला जास्त लागतील? सभागृहात हात वर करा म्हटलं तर नेहमी चौपाखीला मतं पडतात. दिसायलाच ते गुंतागुंतीचं.

मोजून बघू. छपराची जमिनीवरची सावली, म्हणजे पागोळीपासून पागोळीपर्यंत, ३४ फूट लांब आणि २४ फूट रुंद. फुटाला सात इंच उतार. मधलं अंतर बारा फूट, म्हणून आढं पागोळीपेक्षा सात फूट वर. वासा १३.८९ फूट. दुपाखी : ३४ गुणिले १३.८९, दोन पाखी, साधारण ९४५ चौरस फूट. चौपाखी : आढं उरतं दहाच फुटांचं. पुढचं-मागचं पाखं समलंब चौकोन, ३४ आणि १० ची सरासरी २२, गुणिले १३.८९, दोनदा, ६११. बाजूचे दोन त्रिकोण, पाया २४, तिरकी उंची तीच १३.८९, दोन्ही मिळून ३३३. बेरीज ९४४-९४५. तेच!

हा योगायोग नव्हे. उतार सगळीकडे सारखा असला, की जमिनीवरच्या प्रत्येक चौरस फुटावर तेवढंच जास्तीचं छप्पर असतं; मग पाखी कशीही वळवा. म्हणून वर चढायची गरज नाही. खाली सावली मोजा आणि उताराच्या आकड्याने गुणा. सातास बारा उताराला तो आकडा १.१६, सहास बाराला १.१२, पुरत्या ४५ अंशांना १.४१. अट एवढीच, की उतार सारखा हवा. कोकणातल्या घरांत पडवीचा उतार बहुधा मुख्य छपरापेक्षा कमी असतो, तिथे पडवी वेगळी मोजायची. आणि क्षेत्रफळ सारखं म्हणून खर्च सारखा समजू नका. दुपाखीला आढ्यावरची कौलं ३४ फुटांची. चौपाखीला आढं दहा फूट, पण चार कोनवासे प्रत्येकी सव्वाअठरा फुटांवर. एकूण त्र्याऐंशी फूट. शिवाय कोनवाशाशी येणारं प्रत्येक कौल तिरकं कापायचं, आणि कापलेला तुकडा दुसरीकडे फारसा चालत नाही.

उतार कसा मोजायचा तेही सांगून टाकतो, तोही खालूनच. एक फुटाची पाणसळ वाशाच्या खालच्या अंगाला एक टोक टेकवून आडवी धरा, बुडबुडा मध्ये आणा. दुसऱ्या टोकापासून उभं वर वाशापर्यंत किती इंच? तोच फुटाचा चढ. सावली मोजायला तर त्याहून सोपं. पावसाळ्यात घराभोवती पागोळ्यांनी मातीत पाडलेली रेघ असते. टेप त्या रेघेवर धरायचा.

पत्र्याबद्दल दोन वाक्यं. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या हेन्री पामरचं, १८२९ चं. त्याला कौलापेक्षा कमी उतार चालतो, म्हणून छपरं बसकी झाली. त्याच्या मापात वाद होतो तो वेगळाच : लाटा धरायच्या का, एकावर एक चढलेला भाग धरायचा का? भारतीय मानक १२०० चा नववा भाग सांगतो की नाही, सपाट धरून उतारावरून मोजायचं, चढ आणि लाटा दरात आल्या. ठेकेदार जास्त पत्रा आणतो आणि कमी क्षेत्रफळाचं बिल लावतो, यात फसवणूक कुणाचीच नाही. पण हे घरमालकाला माहीत नसलं की भांडण ठरलेलं.

आता आमची चूक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. रायगडबरोबर दापोली, मंडणगड भागातल्या कितीतरी घरांची छपरं उडाली. टाळेबंदीचे दिवस, पाऊस तोंडावर, कौलं आणि पत्रे मिळेनात. आम्ही काही मित्र वर्गणी काढून दापोली तालुक्यातल्या एका गावी कौलं पाठवत होतो. प्रत्यक्ष जाता येत नव्हतं. मापं हवी होती, तर एका काकांनी ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा फोटो फोनवर पाठवला. घराची लांबी ३० फूट, रुंदी २०. आम्ही खूश. सहाशे चौरस फूट, सहा ब्रास, नऊशे कौलं. ट्रकची सोय झाली, कौलं पोचली.

तिसऱ्या दिवशी गावच्या सुताराचा फोन. सत्तरीचे गृहस्थ. रागावले नव्हते, पण म्हणाले, "अहो, ही जोत्याची मापं. वाशाची कुठायत?"

नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद. तिथे छपराला जागा नाही. भिंतींच्या बाहेर चारही बाजूंनी दोन-दोन फूट वळचण, म्हणून सावली ३४ गुणिले २४. मघाशी मोजलं तेच हे घर. आम्ही सहाशे धरलं, प्रत्यक्षात ९४५ होतं. आणि नीट बघितलं तर उतारापेक्षा वळचणीनेच आम्हाला जास्त फसवलं. सहाशेचं ८१६ झालं ते नुसत्या वळचणीने; उताराने त्यात १२९ ची भर घातली. इतकी वर्षं कोकणात येणंजाणं असून, पावसात त्या वळचणीखाली उभं राहून चहा पिऊनही, ती आम्हाला कागदावर दिसली नाही. आजही उपग्रहाच्या चित्रावरून छपराचं माप काढणारे याच्या उलट चूक करतात : वरून वळचण दिसते, पण उतार दिसत नाही.

नऊशे कौलांत पुढचं पाखं पुरं झालं आणि मागचं एक तृतीयांश. उरलेल्यावर निळी ताडपत्री. स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. वादळानंतर कौलांचे भाव चढलेले, गाडी मिळेना. पुढची साडेपाचशे कौलं पोचायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काकूंनी चूल पुढच्या ओटीवर आणली, आणि धान्याची दोन पिंपं भिजली ती भिजलीच. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. पुढच्या दिवाळीत गेलो तेव्हा ओटीवरच्या भिंतीला चुलीच्या धुराचा डाग होता. आम्ही पाणसळ घेऊन उतार मोजला, घराभोवती पागोळीच्या रेघेवर टेप धरला, आणि सुतारकाका ओटीवर बसून आमची गंमत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "किती आलं?" आम्ही म्हटलं, "साडेनऊ ब्रासला थोडं कमी." ते म्हणाले, "मी ओळी मोजल्या होत्या, तेराशे वीस."

तेराशे वीसला एकशेचाळीसने भागा. चौदाशे पन्नास कौलं गेली होती, काही वाटेत फुटली, पन्नासेक उरली. ती परसातल्या भिंतीला टेकून ठेवलेली आहेत, दर मे महिन्यात त्यातली चार-दोन वर जातात.